कोपर बांधावं की उघडावं?

श्रोतेहो, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवरून, चिंचेच्या फांदीवरून, किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून माणूस घसरला, की तो आधी हात पुढे टेकतो. ते शहाणपणाचंच आहे, डोकं वाचतं. पण सगळ्या अंगाचा भार मनगटातून वर चढतो आणि पुष्कळदा तो कोपरात येऊन फुटतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हाडवैद्याकडे नेऊ, कामट्या बांधून देईल. दुसरा म्हणतो, शहरात नेऊ, ऑपरेशन करतील. ही दोन मतं काही आपल्याच ओसरीवर निघालेली नाहीत. मोडलेलं किंवा निखळलेलं कोपर बाहेरून बांधावं की चाकूनं उघडून आतली हाडं तारेनं आणि स्क्रूनं जोडावीत, यावर जगातल्या मोठमोठ्या शल्यवैद्यांचा वाद दीडशे वर्षं चालला, आणि विजयाचं पारडं एकदा या बाजूला तर एकदा त्या बाजूला झुकलं. त्या वादाची हकीकत आज सांगायची आहे.

आधी कोपराची रचना थोडक्यात सांगतो. दंडाचं हाड खाली येऊन रुंदावतं आणि त्याच्या टोकाला रहाटाच्या कप्पीसारखी एक खाच असलेली गोल कड असते. करंगळीच्या बाजूनं येणारं हाड त्या कप्पीला मागून आकड्यासारखं पकडतं. टेबलावर कोपर टेकलं की जे टोक लागतं, तो या आकड्याचा मागचा भाग. अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचं वरचं टोक मात्र बटणासारखं चपटं आणि वाटोळं असतं, आणि आपण किल्ली फिरवतो तेव्हा ते जागच्या जागी गरगर फिरतं. म्हणजे एकाच सांध्यात बिजागरीही आहे आणि खुंटीही आहे. या तीन हाडांना दोन्ही बाजूंनी बळकट सांधेबंध आवळून धरतात. पुढच्या अंगानं हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी हाडाला अगदी लगटून जाते, मागच्या अंगानं ती नस जाते जिला धक्का लागला की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात. एवढ्या थोड्या जागेत एवढी गर्दी शरीरात फार थोड्या ठिकाणी असेल. शिवाय या सांध्याला एक खोड आहे. तो रुसतो. काही आठवडे हलवला नाही की आखडून बसतो, आणि एकदा आखडला की सहजी मोकळा होत नाही. ही खोड लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा वाद तिच्याभोवती फिरतो.

आपल्याकडे सुश्रुतानं कोपराला कूर्पर म्हटलं आणि त्याची गणना मर्मांत केली. तिथे मार बसला तर माणूस ‘कुणी’ होतो, म्हणजे हात आखडून निकामी होतो, असं त्यानं नोंदलं. मोडलेल्या हाडांचे आणि निखळलेल्या सांध्यांचे प्रकार त्यानं वेगळे केले. निखळलेलं कोपर अंगठ्यानं चाचपून दाबावं, मग हात लांब करून दुमडावा, असं सांगितलं. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबूच्या कांबी बांधायला सांगितल्या. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते त्यानं बांधण्याच्या घट्टपणाविषयी सांगितलेलं. सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, फार आवळून बांधलं तर सूज येते, ठणका लागतो, कातडी पिकते. म्हणून बेताचं बांधावं. थंडीत सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी बांधणं सोडून पुन्हा पाहावं, हेही तो बजावतो. हाडवैद्यांच्या परंपरेत कामट्या टिकल्या, साली टिकल्या, तेल टिकलं. बेताचं बांधण्याचा हा नियम मात्र सगळीकडे टिकला असं म्हणवत नाही.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या नावावर असलेल्या अस्थिभंगावरच्या ग्रंथातही कोपर आहे. त्याचं म्हणणं मोठं व्यवहारी होतं. कोपर दुमडून बांधा; कारण समजा ते आखडलंच, तर दुमडलेला हात काही कामाचा राहील, सरळ आखडलेला हात मात्र अडगळ होईल. म्हणजे आखडण्याची शक्यता त्यानं धरूनच ठेवली होती. पुढची दोन हजार वर्षं वैद्यांची अपेक्षा यापलीकडे फारशी गेली नाही.

कोपर उघडण्याचं धाडस एकोणिसाव्या शतकापर्यंत फार थोड्यांनी केलं, आणि ज्यांनी केलं त्यांनी बहुधा नाइलाजानं. जखमेतून हाड बाहेर आलं, पू झाला, की हात वरून कापून टाकणं हा नेहमीचा मार्ग. एडिंबरोचा जेम्स साइम यानं कुजलेल्या सांध्याचीच हाडं काढून टाकून हात वाचवण्याचा प्रयत्न चालवला आणि 1831 साली त्यावर पुस्तक लिहिलं. तेव्हा भूल नव्हती. भुलीचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग अमेरिकेत बॉस्टनला 1846 साली झाला. साइमच्या रोग्यांना हे सगळं जागेपणी सोसावं लागलं. तरी हात राहिला आणि थोडाफार हललाही, म्हणून लोक त्याला दुवा देत.

या साइमचा जावई म्हणजे जोसेफ लिस्टर. 1865 साली ग्लासगोत एका मुलाच्या पायाचं हाड मोडून जखम झाली होती, तिच्यावर त्यानं कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी ठेवली आणि जखम न पिकता भरून आली. पू टाळता येतो हे कळल्यावर लिस्टरला पुढचं पाऊल सुचलं. मोडलं आहे पण कातडी फाटलेली नाही, अशा ठिकाणी आपण होऊन चाकू चालवायचा आणि तुकडे चांदीच्या तारेनं शिवायचे. 1877 साली लंडनमध्ये त्यानं गुडघ्याची वाटी अशी शिवली, आणि कोपराच्या मागच्या टोकालाही तार घातली. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांना हे अविचाराचं वाटलं. बंद सांधा आपल्या हातानं उघडणं म्हणजे वारुळात हात घालणं, अशी त्यांची समजूत होती. ती अनुभवावर आधारलेली होती, म्हणून तिला हसण्याचं कारण नाही.

ज्यांना चाकू नको होता त्यांच्यातही एकमत नव्हतं. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा हाडवैद्यांच्या घराण्यातला. त्याचे पूर्वज वेल्समधल्या अँगलसी बेटावर पिढीजात हाडं बसवत आले होते; हा मात्र रीतसर डॉक्टरी शिकला. (घरची विद्या आणि शाळेची विद्या एका ठिकाणी आली तर काय होतं याचं हे चांगलं उदाहरण आहे.) त्याचा मंत्र होता विश्रांती: सक्तीची, अखंड आणि लांब मुदतीची. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल्युका-शांपिओनिएर उलट सांगत होता, की हालचाल म्हणजे जीवन, मोडलेला अवयव लवकर हलवा. मांडीच्या हाडाला थॉमसचा मंत्र लागू पडला. त्याची कामटी पहिल्या महायुद्धात कितीतरी सैनिकांच्या उपयोगी आली. कोपराला मात्र ल्युका-शांपिओनिएरचं म्हणणं अधिक मानवतं. पण मोडलेली हाडं हलवायची तर ती आतून घट्ट धरलेली हवीत, आणि घट्ट धरायची तर कोपर उघडलं पाहिजे. पेच पडतो तो इथे.

आता लहान मुलांकडे येऊ, कारण खेड्यातल्या घराला याच प्रकाराशी गाठ पडण्याचा संभव अधिक. पाच-सात वर्षांचं पोर झाडावरून पडलं की बहुधा दंडाचं हाड कोपराच्या जरा वर, जिथे ते पातळ असतं तिथे, आडवं मोडतं. वरच्या तुकड्याचं टोकदार टोक पुढे घुसतं, तिथेच ती मोठी रक्तवाहिनी असते. हात सुजतो. अशा सुजलेल्या कोपराला घट्ट कामट्या किंवा गच्च प्लास्टर घातलं, की आतला दाब वाढत जाऊन स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. सहा तासांच्या आसपास असं गेलं की स्नायू मरू लागतात. पुढे ते दोरीसारखे आखडतात, बोटं पंजासारखी वळून बसतात आणि तो हात जन्माचा अधू होतो. जर्मनीतल्या हाले गावचा शल्यवैद्य रिखार्ड फोल्कमान यानं 1881 साली याचं नेमकं कारण मांडलं. नस तुटल्यानं असं होतं ही जुनी समजूत खोडून, रक्त अडल्यानं होतं, आणि पुष्कळदा वैद्यानं बांधलेल्या बंधनानंच अडतं, असं त्यानं सांगितलं. शिक्षक मंडळींना एक गंमत सांगतो: हाच फोल्कमान टोपणनावानं मुलांसाठी परीकथा लिहीत असे आणि त्या जर्मन घरोघर वाचल्या जात.

फोल्कमाननं जे सांगितलं ते सुश्रुताच्या ‘फार आवळू नका’ याच्या शेजारी ठेवून पाहा. हात बांधल्यावर मूल ठणक्यानं किंचाळू लागलं, बोटं गार पडली, नखं पांढरी किंवा काळसर दिसू लागली, किंवा त्याची बोटं आपण हळूच सरळ करताना त्याला असह्य कळ आली, तर बंधन ताबडतोब सोडायचं आणि दवाखाना गाठायचा. मनगटावर नाडी लागते म्हणून निश्चिंत राहू नये. नाडी लागत असतानाही आत स्नायू मरत असू शकतात. कळीकडे लक्ष ठेवावं. तेल लावून जोरजोरानं चोळणं हाही कोपराचा घात आहे. मुका मार बसलेल्या स्नायूत त्यामुळे नवं हाड धरतं आणि सांधा कायमचा अडतो.

या मुलांचे उपचार कसे बदलले? लिव्हरपूलचा रॉबर्ट जोन्स हा थॉमसच्या बायकोचा भाचा आणि थॉमसचा शिष्य. तो ओढून हाड बसवी, कोपर पुरतं दुमडी आणि हात गळ्यात अडकवून ठेवी. उपाय सोपा होता, पण सूज जास्त असली की इतकं दुमडल्यानं रक्त अडण्याची भीती. मग वजनं टांगून हात ओढून धरण्याची पद्धत आली. 1939 साली डनलॉपनं सुचवलेली रीत पुष्कळ रुग्णालयांत चालली. धोका कमी झाला, पण पोर दोन-तीन आठवडे खाटेला बांधलेलं. कोपर उघडून हाड बसवावं म्हणावं तर सांधा आखडण्याची धास्ती. 1959 साली अमेरिकेतल्या गार्टलंडनं या मोडीचे तीन प्रकार पाडले: जागचं न हललेलं, मागे कललेलं, आणि पुरतं सुटलेलं. कुठे नुसतं बांधून भागेल आणि कुठे भागणार नाही, हे यामुळे सांगता येऊ लागलं. हे तीन प्रकार आजही वापरात आहेत.

तोडगा निघाला तो मधला. भूल देऊन बाहेरूनच हाड बसवायचं आणि कातडीतून दोन बारीक पोलादी तारा हाडात घालून ते अडकवून ठेवायचं. चाकू नाही, घट्ट बंधन नाही, वजनं नाहीत. 1974 साली फ्लिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या रीतीचा सोळा वर्षांचा अनुभव छापला. क्ष-किरणांच्या पडद्यावर हाड प्रत्यक्ष दिसू लागल्यावर ती सर्वत्र रूढ झाली. तीन-चार आठवड्यांनी तारा ओढून काढतात. पुरत्या सुटलेल्या हाडाला आज बहुतेक ठिकाणी हाच उपचार होतो. म्हणजे मुलांच्या बाबतीत ‘बांधावं की उघडावं’ या प्रश्नाचं उत्तर दोन्हींपैकी एकही निघालं नाही.

मोठ्या माणसाचं कोपर ही वेगळी गोष्ट. त्याची हाडं भरायला वेळ लागतो आणि सांधा लवकर आखडतो. दंडाच्या हाडाचं खालचं टोक इंग्रजी ‘टी’ किंवा ‘वाय’ या अक्षरासारखं उभं-आडवं फुटतं आणि कप्पीचेच दोन-चार तुकडे होतात. 1937 साली इंग्लंडमधल्या ईस्टवुडनं यावर सुचवलेला उपाय ऐकून आश्चर्य वाटेल. तुकडे हातानं दाबून जमतील तेवढे जमवायचे, हात गळ्यात अडकवायचा आणि लगेच हलवायला लावायचं. हाडं वाकडीतिकडी जुळतील, पण सांधा हलता राहील. डॉक्टर लोक या पद्धतीला ‘हाडांची पिशवी’ म्हणत. नाव थट्टेचं असलं तरी निकाल थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता.

उघडणाऱ्यांची बाजू तोवर कमजोर होती, कारण त्यांची हत्यारं कमजोर होती. बेल्जममधल्या अँटवर्पचा आल्बॅं लांबोट हा धातूच्या पट्ट्या आणि स्क्रू आपल्या हातानं घडवी. फावल्या वेळात तो व्हायोलिनही बनवीत असे. त्या काळचा धातू शरीरात गंजे, जखमा पिकत, आणि जोड इतका पक्का नसे की लगेच हात हलवता यावा. म्हणून उघडल्यावर वर पुन्हा प्लास्टर घालीत. उघडण्याचा धोकाही पत्करला आणि बांधण्याचा तोटाही पदरी घेतला, असा तो प्रकार होता. 1958 साली स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक मंडळ काढलं. त्यांनी स्क्रू, पट्ट्या, छिद्र पाडण्याची यंत्रं या सगळ्यांची मापं ठरवली, डॉक्टरांना शिकवण्याचे वर्ग घेतले आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायला लावली. त्यांचं सूत्र असं, की हाड आतून इतकं घट्ट धरायचं की बाहेरून प्लास्टरची गरजच राहू नये.

हे सूत्र सर्वत्र पोचायच्या आत, 1969 साली अमेरिकेतल्या रायझबरो आणि रेडिन यांनी ‘टी’सारख्या फुटीच्या 29 रुग्णांची तुलना छापली. काहींवर शस्त्रक्रिया झाली होती, काहींवर नव्हती. त्यांनी निर्वाळा दिला की उघडून जोडलेल्यांचा भरवसा देता येत नाही, न उघडलेल्यांचंच बरं. पुष्कळ शल्यवैद्यांनी त्यावर चाकू खाली ठेवला. पुढे 1985 साली ज्यूपिटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नव्या पद्धतीनं दोन पट्ट्या लावून जोडलेल्या 34 रुग्णांची हकीकत दिली, आणि त्यांतल्या बहुतेकांचे हात चांगले चालत होते. मग खोटं कोण? माझ्या मते दोघंही खरे. 1969 च्या रुग्णांची हाडं उघडली गेली, पण घट्ट बसली नाहीत. म्हणून ती हलवता आली नाहीत आणि आखडली. दोन लेखांच्या मधल्या काळात बदललं ते हाड धरून ठेवण्याचं सामर्थ्य. जुन्या तुलनेवरून नव्या उपचाराला नावं ठेवता येत नाहीत, आणि नव्या तुलनेवरून ईस्टवुडला वेड्यात काढता येत नाही.

‘हात चांगला चालतो’ म्हणजे किती? शिक्षकांनी यासाठी कंपासपेटीतला कोनमापक घ्यावा. हात सरळ लांब केला की शून्य अंश; पुरता दुमडला की साधारण 140 अंश. 1981 साली मॉरी आणि सहकाऱ्यांनी 33 धडधाकट माणसांना रोजची कामं करायला लावून कोपर मोजलं. जेवणं, केस विंचरणं, दार उघडणं यांतली बहुतेक कामं 30 ते 130 अंशांच्या दरम्यान होतात, असं दिसलं. म्हणजे हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही तरी भाकरीचा घास तोंडापर्यंत जातो, पदर डोक्यावर घेता येतो, तांब्या उचलता येतो. तेव्हापासून कोणताही उपचार याच मापानं तोलतात. क्ष-किरणाच्या चित्रात हाड सुरेख दिसतं आणि हात तोंडापर्यंत जात नाही, तर तो उपचार नापास.

आता निखळलेल्या कोपराविषयी. हाड न मोडता नुसतं निखळलं, तर ते ओढून बसवलं की पुष्कळदा जागेवर राहतं. पण आतले सांधेबंध तर फाटलेले असतात. ते शिवावेत का? 1987 साली स्वीडनमधल्या जोसेफसन आणि सहकाऱ्यांनी 30 रुग्ण घेतले, कोणाचे सांधेबंध शिवायचे आणि कोणाचे नाही हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, आणि नंतर तपासलं. फरक आढळला नाही. शिवलेल्यांचा काही फायदा झाला नव्हता.

निखळण्याबरोबर हाडंही मोडली की मात्र चित्र पालटतं. इटलीतल्या मिलानचा मॉन्टेज्जिया यानं 1814 सालीच, क्ष-किरणं लागायच्या ऐंशी वर्षं आधी, एक फसवा प्रकार लिहून ठेवला होता: करंगळीकडचं हाड मोडतं, ते सगळ्यांना दिसतं, आणि त्याच वेळी अंगठ्याकडचं हाड वर कोपरात निखळतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही. आजही हातावर मार असला तर कोपर आणि मनगट दोन्ही चित्रात घ्यावं लागतं ते यासाठी.

त्या वाटोळ्या बटणाचीही एक गोष्ट आहे. ते चुरडलं तर सरळ काढून टाकायचं, अशी कित्येक वर्षांची रीत होती. 1954 साली मेसन यानं शंभर रुग्णांचा अभ्यास करून त्याचे प्रकार पाडले. चुरा झालेलं बटण काढून टाकावं असाच त्याचाही कल. पण त्याआधी 1951 साली बर्मिंगहॅमच्या अपघात-रुग्णालयातला पीटर एसेक्स-लोप्रेस्टी यानं इशारा दिला होता. महायुद्धात छत्रीनं उडी घेणाऱ्या सैनिकांच्या दुखापती पाहिलेला हा तरुण सर्जन. बटण चुरडताना कधी कधी दोन हाडांना जोडणारा पडदाही मनगटापर्यंत फाटलेला असतो, आणि अशा वेळी बटण काढलं तर हाड वर सरकतं नि मनगट बिघडतं, हे त्यानं दाखवलं. त्याच वर्षी, वयाची चाळिशीही न गाठता, तो वारला.

बटणाची खरी किंमत कळायला आणखी पन्नास वर्षं गेली. कोपर मागे निखळलं, बटण चुरडलं आणि आकड्याचं पुढचं टोकही तुटलं, अशा तिहेरी दुखापतीला अमेरिकेतल्या हॉचकिसनं 1996 साली ‘भयंकर त्रिकूट’ म्हटलं. 2002 साली रिंग आणि सहकाऱ्यांनी अशा 11 रुग्णांचा हिशेब मांडला. बसवून बांधलेल्यांपैकी 7 कोपरं बांधलेल्या स्थितीतच पुन्हा निखळली. शस्त्रक्रियेत ज्या चौघांचं बटण काढून टाकलं होतं, त्या चौघांचीही पुन्हा निखळली. आकडा तुटला, सांधेबंध फाटले, आणि उरलेला एकमेव टेकू वैद्यानंच काढून घेतला, असं ते झालं होतं. 2004 साली कॅनडातल्या पग, मॅकी आणि इतरांनी क्रम ठरवून दिला: आधी आकड्याचं टोक जोडायचं, मग बटण जोडायचं किंवा त्याच्या जागी धातूचं बसवायचं, मग बाहेरच्या बाजूचा सांधेबंध हाडाला शिवायचा, आणि लवकर हलवायला लावायचं. 36 रुग्णांत कोपराची हालचाल सरासरी 112 अंश मिळाली. वरच्या 30 ते 130 च्या मापाशी ताडून पाहिलं तर ही कमाई थोडी नव्हे. इथे नुसतं बांधून भागत नाही. या दुखापतीला उघडावंच लागतं.

आणि म्हातारपणी? पासष्टी ओलांडलेल्या माणसाचं, विशेषतः बाईमाणसाचं, हाड विरलेलं असतं. स्क्रू त्यात धरत नाही. 2009 साली मॅकी आणि सहकाऱ्यांनी अशा 42 जणांत पट्ट्या लावून जोडणं आणि सगळा सांधाच धातूचा बसवणं यांची तुलना केली. पहिल्या दोन वर्षांत नव्या सांध्याच्या लोकांचा हात अधिक कामाचा ठरला. पण त्या सांध्याला ओझं चालत नाही. साधारण पाच किलोपेक्षा जड काही त्या हातानं उचलू नये, असं सांगतात. ज्या घरात म्हातारीलाही विहिरीवरून कळशी आणावी लागते, तिथे हा निर्णय सर्जनबरोबर घरच्यांनीही बसून करायचा असतो.

शेवटी कोपराचं मागचं टोक, लिस्टरनं तार घातली होती ते. दंडामागचा स्नायू ते वर ओढतो म्हणून तुकडे दूर जातात. दोन सरळ तारा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी आवळलेली तार अशी युक्ती स्विस मंडळाच्या लोकांनी रूढ केली. हात दुमडला की हीच ओढ तुकड्यांना एकमेकांवर दाबते. एडिंबरोत डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दोन तुलना छापल्या. पहिलीत पंचाहत्तरीच्या आतल्या 67 जणांत तार आणि पट्टी यांची परीक्षा होती: वर्षाअखेर हात सारखेच चालत होते, मात्र तार टोचते म्हणून ती काढायला अधिक जणांना पुन्हा यावं लागलं. दुसरीत पंचाहत्तरी गाठलेली माणसं होती. काहींवर शस्त्रक्रिया, काहींचा हात नुसता झोळीत. 19 जण झाल्यावर ही तपासणी मधेच थांबवावी लागली, कारण शस्त्रक्रिया झालेल्या 11 पैकी 9 जणांना काही ना काही त्रास उद्भवला होता. ज्या आठ जणांचा हात झोळीत ठेवून थोड्याच दिवसांत हलवायला लावला होता, त्यांची हाडं पुष्कळांची नीट जुळली नाहीत, पण वर्षाअखेर त्यांचा हात शस्त्रक्रिया झालेल्यांच्या हाताइतकाच चालत होता.